तेच आवाज, नव्या तारा

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या संगीत मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत त्या दिवशी गायन नव्हते आणि वादनही नव्हते. आमच्यापैकी एकाने मोबाइलला लहानसा स्पीकर जोडला आणि काहीही प्रस्तावना न करता एक पाश्चात्त्य रचना लावली. तंतुवाद्ये आगगाडीच्या ठेक्यावर एकसारखी धावू लागली. मध्येच एक वयस्क बाई दोन-चार शब्द बोलल्या. पुन्हा तेच शब्द, आणि पुन्हा तेच. पाच मिनिटांत मागच्या बाकांवर हशा पिकला. "तबकडी अडकली वाटते!" असे कोणीतरी म्हणाले. मोबाइलवर तबकडी अडकत नाही हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक होते. मात्र आणखी काही मिनिटे गेली आणि खोलीतला रंग पालटला. आगगाडी धावतच होती, परंतु आता शिट्ट्यांबरोबर भोंगे वाजू लागले आणि बोलणारे आवाज बदलले. कोणी हसेना. रचना संपल्यावर आमच्या सरांनी एवढेच विचारले, "आधी तुम्ही का हसलात, आणि नंतर का थांबलात?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता एका संगीतकाराच्या तीन रचना आणि त्यांची जुनी-नवी ध्वनिमुद्रणे ऐकण्यात माझे बरेचसे वर्ष गेले. संगीतकाराचे नाव स्टीव्ह राईश. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. मी संगीताचा विद्यार्थी नाही. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

राईश यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना जवळीक वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यांची पहिली पदवी तत्त्वज्ञानाची आहे. ती त्यांनी १९५७ साली कॉर्नेल विद्यापीठातून घेतली आणि प्रबंधासाठी विषय निवडला विटगेन्स्टाइनचा. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड विद्यालयात आणि कॅलिफोर्नियातील मिल्स महाविद्यालयात त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को शहरात काही काळ टॅक्सीही चालवली. ला मॉन्टे यंग, टेरी रायली आणि फिलिप ग्लास हे त्यांच्याच पिढीतले. या चौघांच्या संगीताला पुढे 'मिनिमलिझम' हे नाव चिकटले. मोजक्या सुरांत आणि मोजक्या लयबंधांत सारा संसार थाटायचा, ते पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि त्यात अगदी सावकाश बदल घडवत न्यायचा, असे या पद्धतीचे ढोबळ वर्णन करता येईल.

वर्णनापेक्षा प्रयोग बरा. राईश यांनी १९७२ साली 'क्लॅपिंग म्युझिक' नावाची रचना केली. तिला वाद्य लागत नाही. दोन माणसे आणि त्यांच्या टाळ्या पुरतात. आवर्तन बारा मात्रांचे. तीन टाळ्या आणि एक रिकामी मात्रा. दोन टाळ्या आणि एक रिकामी. एक टाळी आणि एक रिकामी. पुन्हा दोन टाळ्या आणि एक रिकामी. पहिला माणूस शेवटपर्यंत एवढेच वाजवतो. दुसरा काही आवर्तने त्याच्याबरोबर राहतो आणि मग एका मात्रेने सरकतो. त्या क्षणी दोघांच्या टाळ्यांतून एक तिसरीच लय ऐकू येऊ लागते, जी दोघांपैकी कोणीही वाजवत नसतो! असे करत बारा वेळा सरकल्यावर दोघे पुन्हा एकत्र येतात. आमच्या वसतिगृहात दोघा मित्रांनी हा प्रयोग करून पाहिला. चौथ्या सरकण्यापलीकडे ते टिकले नाहीत, परंतु ऐकणाऱ्यांना मुद्दा कळला.

समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हे अगदीच परके वाटू नये. तरीही फरक मोठा आहे. आपल्याकडे ठेका स्थिर असतो आणि त्याच्या आधारावर कलावंत आपल्या प्रतिभेने विस्तार करतो. येथे आयत्या वेळचा विस्तार नाही. काय घडणार हे आधीच ठरलेले असते, आणि ते कसे घडते हे ऐकण्यातच सारी गोडी असते. रचनेमागची क्रिया श्रोत्याला उघड ऐकू आली पाहिजे, असा आग्रह राईश यांनी १९६८ च्या एका निबंधातच धरला होता.

मिनिमलिझमच्या मुळाशी भारतीय संगीत आहे असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, परंतु ते वाटून घेतले पाहिजे. फिलिप ग्लास यांनी १९६० च्या दशकात पॅरिस येथे पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याबरोबर एका चित्रपटाच्या संगीताचे काम केले आणि तालाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तेथे बदलली. टेरी रायली हे १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. राईश यांची वाट मात्र वेगळी होती. ते १९७० साली घाना देशात ढोलवादन शिकायला गेले, नंतर बालीचे गमेलान शिकले आणि पुढे ज्यू धर्मग्रंथांच्या पारंपरिक पठणाचा अभ्यास त्यांनी केला. शब्दांच्या उच्चारात दडलेला सूर हा त्यांच्या आस्थेचा विषय या पठणाने अधिकच पक्का केला असावा.

कारण बोलण्यातला सूर त्यांना फार आधीच सापडला होता. १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चौकात नोहाच्या महापुराची कथा सांगणाऱ्या धर्मोपदेशकाचा आवाज त्यांनी ध्वनिफितीवर टिपला. त्यातला एक तुकडा दोन यंत्रांवर एकाच वेळी फिरवत ठेवला असता दोन्ही यंत्रांचा वेग किंचित निराळा असल्यामुळे आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकू लागले. यंत्राचा हा दोष त्यांनी गुणासारखा वापरला आणि १९६५ साली 'इट्स गोना रेन' ही रचना जन्मली. मनुष्याचा आवाज, पुनरावृत्ती आणि ध्वनिफीत ही त्रयी अशी पहिल्यापासून त्यांच्याबरोबर आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. चेंबर म्युझिक म्हणजे दालनात बसून, मोजक्या वाद्यांनी, मोजक्या श्रोत्यांसाठी करावयाचे संगीत. आपल्या खासगी बैठकीसारखे. त्यातला सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, अर्थात दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांची चौकडी. अठराव्या शतकात हायडनपासून हा प्रकार बहरला. राईश यांनी या चौकडीसाठी तीन रचना केल्या: 'डिफरन्ट ट्रेन्स' (१९८८), 'ट्रिपल क्वार्टेट' (१९९८) आणि 'डब्ल्यूटीसी ९/११' (२०१०). तिन्ही रचना क्रोनॉस क्वार्टेट या प्रसिद्ध चौकडीसाठी लिहिल्या गेल्या. तिन्हींचे एक वैशिष्ट्य समान आहे. रंगमंचावर चारच वादक दिसतात, परंतु ऐकू येतात त्याहून पुष्कळ अधिक. बाकीचे थर आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, आणि जिवंत चौकडी त्यांच्याबरोबर वाजवते. एरवी ध्वनिमुद्रण ही मैफलीची मागाहून केलेली नक्कल असते. येथे ध्वनिमुद्रण हा रचनेचाच एक अवयव आहे.

आमच्या मंडळात लावली होती ती 'डिफरन्ट ट्रेन्स'. तिचा उगम राईश यांच्या बालपणात आहे. ते वर्षाचे असताना आईवडील विभक्त झाले. आई लॉस एंजेलिसला गेली, वडील न्यूयॉर्कमध्ये राहिले. १९३९ ते १९४२ या काळात सांभाळणाऱ्या बाईबरोबर हा मुलगा अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत आगगाडीने ये-जा करीत असे. तो प्रवास त्याला मौजेचा वाटे. मोठेपणी मागे वळून पाहताना त्यांच्या मनात विचार आला, की आपण ज्यू आहोत. त्याच वर्षांत आपण युरोपात असतो तर आपल्याला निराळ्याच गाड्यांत बसावे लागले असते. त्या गाड्या नाझींच्या छळछावण्यांकडे जात होत्या.

राईश यांनी आपल्याला सांभाळणाऱ्या त्या बाईंना, व्हर्जिनिया यांना, शोधून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस मार्गावर पूर्वी काम करणारे निवृत्त पुलमन पोर्टर लॉरेन्स डेव्हिस यांनाही बोलते केले. छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेल्या, साधारण स्वतःच्याच वयाच्या रॅशेला, पॉल आणि रेचल या तिघांच्या साक्षी त्यांनी संग्रहालयांतील ध्वनिफितींतून मिळवल्या. शिवाय १९३० आणि १९४० च्या दशकांतील अमेरिकन आणि युरोपीय आगगाड्यांचे आवाज गोळा केले. मग या साऱ्यातून दोन-चार शब्दांचे, ज्यांत सूर स्पष्ट आहे असे तुकडे निवडले. ध्वनीचा लहान तुकडा साठवून कळ दाबताच वाजवणाऱ्या सॅम्पलर नावाच्या यंत्राची आणि संगणकाची येथे मदत झाली.

पुढची पायरी महत्त्वाची आहे. बोलणाऱ्याच्या वाक्यात जो चढउतार आहे तोच स्वरलिपीत उतरवून त्यांनी वाद्यांना दिला. स्त्रियांच्या आवाजाला बहुतेक वेळा व्हिओला साथ करतो, पुरुषांच्या आवाजाला चेलो. शब्दांना चाल लावण्याची आपली रीत येथे उलटी झाली आहे. चाल बोलणाऱ्याच्या तोंडातच आहे. वाद्यांनी फक्त तिच्यामागून जायचे. म्हणूनच नवा आवाज आला की रचनेची लय आणि स्वर दोन्ही बदलतात. वाद्यवृंद माणसाला आपल्या तालावर बोलायला लावीत नाही.

रचनेचे तीन भाग आहेत: युद्धापूर्वीची अमेरिका, युद्धकाळातील युरोप आणि युद्धानंतर. एकूण वेळ सुमारे सत्तावीस मिनिटे. पहिल्या भागात गाडीचा वेग, शहरांची नावे, सालांचे आकडे एवढेच ऐकू येते. शिट्ट्या लांबलचक, षड्ज-मध्यम, षड्ज-पंचम अंतरांच्या, कानाला गोड. दुसऱ्या भागात शिट्ट्या आखूड आणि कर्कश होतात, भोंगे थांबत नाहीत. जर्मन सैन्य गावात शिरते, शाळा बंद होते, माणसे गुरांच्या डब्यांत भरली जातात, हातावर क्रमांक गोंदला जातो. तिसऱ्या भागात युद्ध संपते, वाचलेली माणसे अमेरिकेला येतात, आणि न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या जलद गाड्यांविषयीचे पोर्टरचे तेच उद्गार पुन्हा ऐकू येतात. शब्द तेच, आवाजही तोच. परंतु मधल्या भागानंतर ते निरागस राहिलेले नसतात.

सरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर येथे आहे. आम्ही हसलो, कारण आम्हाला वाटले की तेच ते येत आहे. आम्ही थांबलो, कारण तेच ते येत असूनही आता त्याचा अर्थ बदलला होता. पुनरावृत्तीत बदलतो तो ऐकणारा. मौजेच्या प्रवासातला आगगाडीचा ठेका मृत्यूच्या प्रवासातही कानांत घुमत राहतो, ही गोष्ट शंभर पानांच्या इतिहासाने मला पटली नसती.

परंतु दुसरीही बाजू मांडली पाहिजे. इतरांच्या यातनांतून श्रवणीय कलाकृती घडवावी काय? संगीतशास्त्राच्या अभ्यासक एमी लिन व्लोडार्स्की यांनी २०१० साली मूळ साक्षींशी ही रचना ताडून पाहिली. राईश यांनी केलेली निवड आणि काटछाट यांत त्यांचा स्वतःचा दृष्टिकोन मिसळला आहे, तेव्हा या आवाजांना निखळ दस्तऐवज मानता येणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तासभर बोललेल्या माणसाचे चारच शब्द उचलणे म्हणजे त्याच्या वतीने काहीतरी ठरवणेच होय.

मला वाटते, राईश यांना या धोक्याची जाणीव होती. रचनेचा शेवट त्याचीच साक्ष देतो. शेवटी एक बाई छावणीतल्या एका मुलीची आठवण सांगतात. तिचा आवाज फार सुंदर होता. जर्मनांना तिचे गाणे ऐकायला आवडे. ती थांबली की ते आणखी गा म्हणत आणि टाळ्या वाजवत. यावर राईश काहीही भाष्य करीत नाहीत. तंतुवाद्ये हळूहळू विरून जातात आणि आता टाळ्या वाजवण्याची पाळी आपली असते! आमच्या खोलीत त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत.

तिसरी रचना याच वाटेने जाते. राईश पंचवीस वर्षे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून चार गल्ल्यांवर राहत होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते स्वतः व्हर्माँट राज्यात होते. मुलगा, सून आणि नात मात्र त्या घरात होती. दूरध्वनी जोडलेला राहिला आणि सहा तास दोन्हीकडून कोणी तो ठेवला नाही. रिसीव्हर बाजूला राहिला म्हणजे अमेरिकेतील दूरध्वनी जो इशाऱ्याचा कर्कश नाद करतो, तोच नाद घेऊन व्हायोलिन 'डब्ल्यूटीसी ९/११' या रचनेला सुरुवात करते आणि तेथेच ती संपते. त्या सकाळचे हवाई संरक्षण दलाचे आणि अग्निशामक दलाचे मूळ संवाद, २०१० साली घेतलेल्या शेजाऱ्यांच्या मुलाखती, आणि मृतदेहांजवळ बसून स्तोत्रे म्हणणाऱ्या ज्यू स्त्रियांचे आवाज तीत आहेत. बोलणाऱ्याचे शेवटचे अक्षर लांबवत ठेवण्याची एक नवी युक्तीही आहे. वाक्य संपते, पण आवाज हवेत तरंगत राहतो.

या रचनेचे क्रोनॉसने केलेले ध्वनिमुद्रण २०११ साली निघाले, तेव्हा आवरणावरून मोठा वाद झाला. विमान मनोऱ्याकडे झेपावत असतानाचे छायाचित्र आवरणावर छापायचे ठरले होते. अनेकांना ते दुःखाचे भांडवल वाटले. संगीताकडचे लक्ष आवरणाकडे जाते आहे असे पाहून राईश यांनी ते बदलून घेतले. जे आवाज ऐकताना आपण सहन करतो ते चित्रात पाहताना का खपत नाही, हा प्रश्न आपल्या सौंदर्यशास्त्राच्या तासाला चर्चेस घेण्याजोगा आहे.

मधली रचना, 'ट्रिपल क्वार्टेट', आवाजांवाचून आहे. तिच्यामागे बार्टोकच्या चौथ्या क्वार्टेटच्या अंतिम भागातील जोशाची प्रेरणा आहे. येथे चौकडी आपलेच दोन थर आधी ध्वनिमुद्रित करून तिसऱ्या थरासाठी बसू शकते, म्हणजे चार माणसे स्वतःच्याच भूतकाळाशी जुगलबंदी करतात. ज्यांना केवळ स्वर-लयीचा आनंद घ्यायचा आहे त्यांनी येथून सुरुवात करावी.

आता नव्या ध्वनिमुद्रणाविषयी. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या मिव्होस क्वार्टेट या तरुण चौकडीने तिन्ही रचना एकत्र ध्वनिमुद्रित केल्या आणि डॉइच ग्रामोफोन या जुन्या जर्मन कंपनीने त्या २०२३ साली प्रसिद्ध केल्या. क्रोनॉसची मुद्रणे उपलब्ध असता, आणि 'डिफरन्ट ट्रेन्स'च्या त्यांच्या मुद्रणामुळे राईश यांना १९९० साली समकालीन रचनेचा ग्रॅमी पुरस्कार मिळालेला असता, पुन्हा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील.

दोन्ही मुद्रणे मी पाठोपाठ ऐकली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या क्रोनॉसच्या मुद्रणात बोलणारी माणसे आणि वाजवणारी माणसे जणू एकाच काळातली वाटतात. आवाजांना असलेली ध्वनिफितीची खरखर तारांनाही थोडी लागलेली आहे. मिव्होसच्या मुद्रणात तारा स्वच्छ आणि धारदार आहेत. गजाची प्रत्येक ओढ कानाला जाणवते. त्यामुळे त्यांच्यामध्ये येणारे आवाज अधिकच जुने, अधिकच दूरचे वाटू लागतात. हा माझ्या कानाचा अनुभव आहे. दुसऱ्याला निराळा येऊ शकेल. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. वादक बदलतात, आवाज बदलू शकत नाहीत. व्हर्जिनियाबाई किंवा पॉल यांच्या जागी नवा नट उभा करता येत नाही. ती वाक्ये एकदाच बोलली गेली. प्रत्येक नव्या चौकडीला त्यांच्याजवळ जाऊन बसावे लागते आणि त्यांच्या चढउताराबरहुकूम आपला गज फिरवावा लागतो.

युद्ध पाहिलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. यापुढे तिची साक्ष ऐकायची ती मुद्रित आवाजातच. असा आवाज संग्रहालयात नुसता ठेवून दिला तर तो सुरक्षित राहील, पण मुका राहील. तो ऐकायला दर पिढीला कोणीतरी नव्याने साथीला बसले पाहिजे. नव्या ध्वनिमुद्रणाचे प्रयोजन मला तरी यात दिसते, आणि व्लोडार्स्कीबाईंचा आक्षेप मान्य करूनही या रचनेची बाजू घ्यावीशी वाटते ती याच कारणासाठी.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांना एक सूचना. पहिल्या खेपेस शब्द कळले नाहीत तरी चालतील. व्हिओला आणि चेलो कोणाच्या मागून जात आहेत एवढ्याकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्या खेपेस शब्द ऐकावेत. आणि कंटाळा आला तर पाच मिनिटे तो सोसावा. आमचा हशा ज्या ठिकाणी थांबला ते ठिकाण त्यापुढेच आहे.

परवा सरांना हे उत्तर सांगितले. ते म्हणाले, "ठीक आहे. आता पुढच्या शनिवारी पुन्हा तीच लावा."